मध्यरात्रीचे करकरते दार: अमेरिकी रेडिओवरील रहस्यनाट्ये आणि त्यांचे निवेदक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रेडिओवरची जुनी रहस्यनाट्ये’ म्हणजे नेमकी कोणती?

या पानावर प्रामुख्याने सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’ या मालिकेविषयी लिहिले आहे. ६ जानेवारी १९७४ रोजी ती सुरू झाली आणि १९८२ च्या अखेरीस संपली. या नऊ वर्षांत १,३९९ नवी नाटके झाली आणि पुनःप्रक्षेपणे धरून २,९६९ रात्री ती अमेरिकेतील घराघरांत ऐकली गेली. तिच्यामागे १९३० आणि १९४० च्या दशकांतील ‘द विचेस टेल’, ‘लाइट्स आउट’, ‘इनर सँक्टम’, ‘सस्पेन्स’, ‘द व्हिसलर’ आणि ‘द मिस्टिरियस ट्रॅव्हलर’ अशा कार्यक्रमांची मोठी परंपरा उभी होती. त्यांच्याशिवाय ही मालिका समजत नाही, म्हणून त्यांचाही उल्लेख ठिकठिकाणी येईल. आपल्याकडे अशा नाटकाला नभोनाट्य किंवा श्रुतिका म्हणतात, आणि पुढे तेच शब्द वापरले आहेत.

दार करकरण्याचा तो प्रसिद्ध आवाज कोणत्या कार्यक्रमातला?

दोन कार्यक्रमांतला, आणि दोन्ही एकाच माणसाचे. हायमन ब्राउन या निर्मात्याने १९४१ मध्ये ‘इनर सँक्टम’ सुरू केले. एका स्टुडिओतील करकरणारे दार ऐकून या दारालाच नायक करावे असे आपल्या मनात आले, असे ते सांगत. श्रुतिकेच्या आरंभी बिजागरी हळूहळू कुरकुरत दार उघडे आणि शेवटी ते धाडकन बंद होई. हा कार्यक्रम १९५२ पर्यंत चालला. दोन दशकांहून अधिक काळानंतर ब्राउन यांना मिस्टरी थिएटरच्या रूपाने पुन्हा रेडिओवर रोज रात्री नाटक करण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी नवे काही शोधत न बसता तेच दार पुन्हा उघडले. वडिलांनी १९४३ मध्ये ऐकलेला आवाज मुलाने १९७४ मध्ये ऐकला, आणि अनेक घरांत या मालिकेची गोडी वडिलांकडून मुलांकडे गेली ती या दारातूनच.

दारापाठोपाठ खर्जातल्या जड सुरांची एक धून वाजे. ती मुळात रेडिओसाठी रचलेली नव्हती. नेथन व्हॅन क्लीव्ह या संगीतकाराने ‘द ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागासाठी रचलेले ते संगीत सीबीएसच्या संग्रहातून उचलले होते. आज मात्र त्या सुरांवरून कोणालाही आधी रेडिओच आठवतो.

नाटक महत्त्वाचे की निवेदक? जुने श्रोते कथांपेक्षा निवेदकांचीच आठवण अधिक का काढतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे भाग आहे.

रेडिओवरील भीतीच्या कार्यक्रमाला एक अडचण असते. श्रोता आपल्या स्वयंपाकघरात किंवा अंथरुणात असतो, बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ असते आणि त्याने तिकीट काढलेले नसते. नाट्यगृहात पडदा आणि अंधार जे काम करतात ते येथे कोणीतरी बोलून करायचे असते. आपल्या संगीत नाटकात हे काम नांदीनंतर येणारा सूत्रधार करी. अमेरिकी रेडिओने आपल्या सूत्रधाराला मात्र नाटकाच्या उंबरठ्यावरच उभे केले: तो कथेत नसतो, पण कथा कशी संपणार हे त्याला ठाऊक असते, आणि ऐकणाऱ्याशी तो एकट्याशी बोलावे तसा बोलतो.

या सूत्रधारांचे वंशवृक्ष पाहणे मोठे मनोरंजक आहे. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर सुरू झालेल्या ‘द विचेस टेल’मध्ये ‘ओल्ड नॅन्सी’ नावाची, चेटकिणींवरील खटल्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या सेलम या अमेरिकी गावची चेटकीण आपल्या काळ्या मांजरासह गोष्ट सांगे. ही भूमिका ॲडिलेड फिट्झ-ॲलन ही वयोवृद्ध अभिनेत्री करीत होती. १९३५ मध्ये तिचे निधन झाल्यावर तिच्या जागी जी मिरियम वुल्फ आली, ती केवळ तेरा वर्षांची होती, आणि शंभरी ओलांडलेल्या म्हातारीचा आवाज ती इतक्या बेमालूमपणे काढी की त्यामागे शाळकरी मुलगी आहे हे श्रोत्यांच्या ध्यानातही येऊ नये. रेडिओचे सामर्थ्य समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

‘इनर सँक्टम’चा रेमंड, म्हणजे रेमंड एडवर्ड जॉन्सन हा नट, वेगळ्या जातीचा होता. प्रेतांवर आणि थडग्यांवर तो खदखदून कोट्या करी आणि निरोप घेताना गोड स्वप्ने पडोत अशी इच्छा इतकी लांबवून व्यक्त करी की झोप उडावी. प्रायोजक चहाची कंपनी झाली, तेव्हा चहाची जाहिरात करणारी मेरी नावाची हसतमुख बाई त्याच्या अभद्र बोलण्याबद्दल त्याला लाडाने रागावत असे. मुडदा आणि चहाचा कप यांचा इतका निःसंकोच शेजार अन्यत्र क्वचितच सापडेल. १९४५ मध्ये जॉन्सन सैन्यात गेला आणि पॉल मॅकग्रा आला. मॅकग्राने रेमंड हे नाव मात्र घेतले नाही. तो स्वतःला नुसता यजमान म्हणवी.

‘द व्हिसलर’चा निवेदक यांच्याहून थंड होता. प्रथम पावलांचा आवाज येई, मग विल्बर हॅच यांनी बांधलेली शीळ. ती प्रत्यक्षात डोरोथी रॉबर्ट्स ही स्त्री घालत असे. त्यानंतर निवेदक थेट गुन्हेगाराशीच बोलू लागे: आता तू खिडकी उघडतोस, आता तुला वाटते की कोणी पाहिले नाही. इंग्रजीत एकच सर्वनाम असल्याने त्यांचे काम भागले. मराठीत करायचे तर खुन्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हे लेखकाला आधी ठरवावे लागेल. या पद्धतीचा परिणाम असा होई की श्रोता पोलिसांच्या बाजूला न राहता नकळत आरोपीच्या जागी जाऊन बसे. ‘द मिस्टिरियस ट्रॅव्हलर’मध्ये मॉरिस टार्प्लिन हा नट रात्रीच्या आगगाडीतील सहप्रवासी होई आणि बाकावर शेजारी बसून गोष्ट सांगे, रात्रीच्या प्रवासात अनोळखी माणसाशी गप्पा रंगण्याचा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

कथा सुमारे पाऊण तासात संपत, त्यांची नावेही विसरली जात. पण रोज ठरावीक वेळी येणारा आवाज वर्षानुवर्षे तोच राही. घरातील सगळे झोपल्यावरही जागे असलेले एक वडीलधारे माणूस, असे त्याचे स्थान होते. लोक आठवण काढतात ती त्याची.

ई. जी. मार्शल कोण होते?

मिस्टरी थिएटरचे ते पहिले निवेदक. १९७४ पासून १९८२ च्या जानेवारीपर्यंत दार उघडल्यावर आत बोलावणारा आवाज त्यांचाच होता. त्याआधी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या १९५७ च्या चित्रपटात चष्मा लावलेला, घाम न येणारा, आकड्यांवर विश्वास ठेवणारा चौथा ज्युरर, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या पंचांपैकी एक, त्यांनी रंगवला होता आणि १९६१ ते १९६५ या काळात ‘द डिफेंडर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत वकिलाची भूमिका केली होती. ब्राउन यांनी भुताखेतांची गोष्ट सांगण्यासाठी असा वकिली, तर्कशुद्ध आवाज निवडला हीच त्यांची खरी चतुराई. रेमंड हसून घाबरवी. मार्शल मात्र अशा सुरात बोलत की एखादा जबाबदार गृहस्थ आपल्याला एक विचित्र प्रकरण सांगत आहे.

त्यांच्या निवेदनाची घडण कीर्तन ऐकलेल्या माणसाला चटकन ओळखू येईल. प्रथम ते एखादा सर्वसाधारण विचार मांडत: लोभ, एकाकीपणा, म्हातारपण, सूड, माणसाला स्वतःच्या स्मृतीवर कितपत विसंबता येते, असे काहीतरी. हा झाला पूर्वरंग. मग त्याच विचाराला धरून आख्यान सुरू होई. नाटक तीन अंकी असे, आणि प्रत्येक अंकानंतर ते परत येऊन पात्र कोठे चुकले, पुढे काय वाढून ठेवले आहे याची किंचित सूचना देत आणि जाहिरातींकडे वळत. शेवटी उपसंहार, गोड स्वप्नांची शुभेच्छा, आणि दार बंद. ती शुभेच्छा तीन दशकांपूर्वीच्या रेमंडकडून आलेली होती. फक्त तिच्यातले हसू काढून टाकलेले होते, आणि त्यामुळे ती अधिक अस्वस्थ करी.

मार्शल यांच्यानंतर कोण आले?

फेब्रुवारी १९८२ पासून शेवटपर्यंत टॅमी ग्राइम्स या ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील, नामवंत अभिनेत्रीने निवेदन केले. तिचा आवाज घोगरा आणि लाडिक होता. अनेक श्रोत्यांना हा बदल रुचला नाही. माझ्या मते दोष तिच्या आवाजाचा नव्हता. आठ वर्षे एकाच माणसाने उघडलेले दार दुसऱ्या कोणी उघडले की घर परके वाटते, एवढेच.

रोज रात्री नवे नाटक कसे काय उभे राही?

काटकसर आणि कसब यांच्या बळावर. सुरुवातीला आठवड्याच्या सातही रात्री कार्यक्रम असे. नंतर तो फक्त कामाच्या दिवशी होऊ लागला. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये होई. सकाळी नऊच्या सुमारास नट जमत, संहिता हातात घेऊन एकदा वाचन होई, आणि दुपारपर्यंत तो भाग मुद्रित होऊन सगळे मोकळे होत. पाठांतर, वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य यांपैकी काहीच नसल्याने रात्री ब्रॉडवेवर काम करणाऱ्या नटाला सकाळचा हा वेळ सोयीचा पडे. मानधन संघटनेच्या दराप्रमाणे नटाला एका भागाचे सुमारे ७४ डॉलर आणि लेखकाला ३५० डॉलर. या पैशांसाठी कोणी येत नव्हते, हे उघड आहे.

आले मात्र मोठमोठे. पहिल्याच भागात ॲग्नेस मूरहेड होत्या. १९४३ मध्ये ‘सस्पेन्स’वर ल्यूसिल फ्लेचर यांची जी श्रुतिका गाजली, त्यातील टेलिफोनच्या क्रॉस कनेक्शनमध्ये खुनाचा कट ऐकणारी अंथरुणाला खिळलेली स्त्री त्यांनीच साकारली होती आणि लोकाग्रहास्तव ती पुनःपुन्हा सादर केली होती. जुन्या युगाची राणी नव्या मालिकेच्या उंबरठ्यावर ब्राउन यांनी जाणूनबुजून आणली. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, एप्रिल १९७४ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे मर्सिडीज मॅककेंब्रिज, फ्रेड ग्विन, मॅरियन सेल्डेस, तसेच जुन्या रेडिओत मुरलेले मँडेल क्रेमर, राल्फ बेल, रॉबर्ट ड्रायडन अशांनी ही मालिका तोलून धरली. लेखकांमध्ये सॅम डॅन यांनी सर्वांत जास्त संहिता लिहिल्या. इयन मार्टिन, हेन्री स्लेसर, एल्स्पेथ एरिक ही नावेही वारंवार ऐकू येतात.

भयानक आवाज कसे काढत?

बहुधा भाजीबाजारातून आणि स्वयंपाकघरातून. या कलेचा कळस शिकागोमध्ये १९३४ पासून मध्यरात्री लागणाऱ्या ‘लाइट्स आउट’मध्ये झाला. विलिस कूपर यांनी तो सुरू केला आणि १९३६ पासून आर्च ओबोलर यांनी चालवला. मुंडके उडवायचे असेल तर कोबीचा गड्डा चिरत, विजेच्या खुर्चीसाठी तव्यावर डुकराचे मांस तडतडत भाजत, आणि माणूस आतून बाहेर उलटा होतो असा ओबोलर यांचा कुप्रसिद्ध प्रसंग रबरी हातमोजा उलटा करून वठवत. हे वाचून हसू येते. पण दिवा मालवून ऐकल्यावर कोबी आठवत नाही. ऐकणारा स्वतःच्या ओळखीचे जिने, स्वतःच्या घराचे माळे त्यात घालतो, आणि तितके नेमके नेपथ्य कोणत्याही निर्मात्याला परवडणार नाही.

हे कार्यक्रम रात्री उशिराच का लावत?

याला व्यावहारिक कारण होते आणि एक नैसर्गिकही. व्यावहारिक कारण असे की संध्याकाळचा मोक्याचा वेळ दूरचित्रवाणीने बळकावल्यावर रेडिओकेंद्रांच्या हाती उरला तो रात्रीचा उतार. तेथे वाहनचालक, पहारेकरी, रात्रपाळीचे कामगार, परिचारिका, अभ्यास करणारी मुले आणि निद्रानाश झालेली माणसे, असा स्वतःचा श्रोतृवर्ग होता.

नैसर्गिक कारण मध्यम लहरींच्या स्वभावात आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, ‘डी’ हा सर्वांत खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. त्यामुळे शिकागोचे ७८० किलोहर्ट्झचे किंवा सिएटलचे ७१० किलोहर्ट्झचे ५०,००० वॉटचे केंद्र रात्री कितीतरी राज्यांत ऐकू येई. आवाज हळूहळू वाढे, ओसरे, मध्येच दुसरे केंद्र त्यावर चढे, आणि नेमके रहस्य उलगडताना खरखर सुरू होई. श्रीलंकेच्या केंद्रासाठी काटा केसाएवढा इकडेतिकडे सरकवत बसलेल्या मराठी घरांना ही यातना वेगळी समजावून सांगायला नको. तेथे लघुलहरी होत्या, येथे मध्यम, पण कान तितकाच लावावा लागे. दुरून येणारा, कोणत्याही क्षणी हरवू शकणारा आवाज भुताच्या गोष्टीला जितका शोभतो तितका स्वच्छ आवाज शोभत नाही.

रेडिओनाट्य तर १९६२ मध्येच संपले होते ना?

रूढ समजूत तशीच आहे. ३० सप्टेंबर १९६२ रोजी ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ यांचे शेवटचे भाग झाले आणि त्या दिवसाला अमेरिकी रेडिओनाट्याच्या सुवर्णयुगाचा अखेरचा दिवस मानतात. पुढील बारा वर्षे ब्राउन आपले म्हणणे सोडायला तयार नव्हते की, श्रोते गेलेले नाहीत, त्यांना ऐकवणारे गेले आहेत. १९७३ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’चे कर्ते रॉड सर्लिंग यांच्या निवेदनासह ‘झीरो अवर’ सुरू झाले आणि लगोलग मिस्टरी थिएटर आले. १९७९ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या पाठिंब्याने ‘सीअर्स रेडिओ थिएटर’ निघाले, त्यात वाराप्रमाणे निवेदक बदले आणि बुधवारचे रहस्य भयपटांतील नट व्हिन्सेंट प्राइस यांच्याकडे असे. कॅनडात १९८० ते १९८३ या काळात ‘नाइटफॉल’ चालले, जे या सर्वांहून अधिक अंगावर येणारे होते. ब्रिटनमध्ये ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ १९४३ पासूनच होते आणि त्यातील काळ्या पोशाखातील माणूस, म्हणजे व्हॅलेंटाइन डायल, यांचा आवाज त्या पिढीच्या कानांत बसला होता.

मग मिस्टरी थिएटर का बंद पडले?

भांडण नाही, घोटाळा नाही; जागा आटत गेली. श्रोत्यांशी दूरध्वनीवर गप्पा मारणारे कार्यक्रम स्वस्तात होऊ लागले, स्थानिक केंद्रे नाटक आणखी उशिरा ढकलू लागली किंवा गाळू लागली, आणि जाहिरातदार त्यामागोमाग गेले.

सर्वच भाग चांगले होते का?

मुळीच नाहीत, आणि हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. १,३९९ नाटकांत श्रीमंत मावशीला मारून वारसा मिळवू पाहणारे भाचे किती आहेत, याची मोजदाद करण्याचा धीर मला झाला नाही. दुसऱ्या अंकातच शेवट कळावा अशा कथा विपुल आहेत. पात्रे समोर काय दिसते ते एकमेकांना उगाच सांगत बसतात. याउलट जानेवारी १९७५ मध्ये वर्षपूर्तीनिमित्त सादर केलेला एडगर ॲलन पो यांच्या कथांचा सप्ताह किंवा एल्स्पेथ एरिक यांच्या मनोविश्लेषणाकडे झुकणाऱ्या संथ श्रुतिका आजही टिकतात. सुमार भागही लोक शेवटपर्यंत ऐकत, ते मार्शल अंकाअंकाला परत येणार म्हणून.

हे भाग आजपर्यंत कसे टिकले?

बऱ्याच अंशी श्रोत्यांमुळे. रेडिओजवळ कॅसेट रेकॉर्डर ठेवून किंवा तारेने जोडून लोकांनी हे भाग वर्षानुवर्षे उतरवून घेतले आणि आपसांत अदलाबदल केले. त्यामुळे अनेक मुद्रणांत नाटकाबरोबर त्या रात्रीच्या बातम्या, हवामान, बिअरच्या आणि सर्दीच्या गोळ्यांच्या जाहिरातीही सापडतात. पहिल्या अंकाच्या शेवटी प्रेत सापडते आणि लगेच कोणीतरी उत्साहाने मोटारीच्या बॅटरीचा भाव सांगते. कधी फीत उलटवण्यासाठी थांबल्याचा खटका ऐकू येतो, आणि त्या दोनतीन सेकंदांत नाटकातले एखादे वाक्य कायमचे गेलेले असते.

१९९८ च्या सुमारास निवडक भाग पुन्हा प्रक्षेपित झाले, तेव्हा मार्शल यांच्या जागी निवेदन स्वतः ब्राउन यांनी केले. २०१० च्या जून महिन्यात, शंभरी गाठायला दीड महिना असताना, ते वारले.

मराठी श्रोत्याला यात ओळखीचे काही सापडेल का?

आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर वाढलेल्यांना आणि विविध भारतीवरचे ‘हवामहल’ ऐकलेल्यांना घडण लगेच कळेल. रहस्यापुरते पाहिले तर ‘इन्स्पेक्टर ईगल’ हे प्रायोजित हिंदी नाटक जवळचे. ते थर्मास बनवणाऱ्या ज्या कंपनीच्या नावाने चाले तिचा कारखाना पुण्याजवळ तळेगावात होता. मात्र आपल्याकडे निवेदक बहुधा नाव सांगून बाजूला होई. उंबरठ्यावर थांबून सोबत करणारा यजमान आपल्या रेडिओने फारसा घडवला नाही, आणि कीर्तनाची एवढी परंपरा असताना तो का घडवला नाही, याचे मला नवल वाटते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कोठून आणि कसे सुरू करावे?

पहिल्या भागापासून सुरुवात केली तर मूरहेड भेटतात. नंतर पोंचा सप्ताह ऐकावा आणि तुलनेसाठी ‘द व्हिसलर’चा एखादा भाग. बातम्या व जाहिरातींसह असलेले मुद्रण मिळाले तर तेच घ्यावे, स्वच्छ केलेले नको. गाडी चालवताना ऐकण्यास हरकत नाही, पण भांडी घासताना ऐकू नये. नळाच्या आवाजात पावलांचे आवाज बुडतात. रात्री खोलीत एकट्याने, आवाज जरा कमीच ठेवून ऐकावे, म्हणजे कान पुढे करावा लागतो. निवेदकाचा निरोप झाल्यावर लगेच थांबवू नये. दार पूर्ण लागायला अजून काही सेकंद असतात, आणि बिजागरीचा सूर उघडताना होता त्याहून थोडा वेगळा लागतो.